‘पुढे चालू’ : निबंधाच्या लांबीविषयी

लेख किती लांब असावा, हा प्रश्न मराठी समीक्षेने सहसा संपादकांकडे आणि छापखान्याकडे सोपवला आहे. आशय, रूपबंध, शैली, निवेदन यांची चर्चा सिद्धान्ताच्या पातळीवर होते. लांबीची चर्चा मात्र रकाने, पाने आणि फर्मे यांच्या हिशेबात संपते. या विषयासाठी भाषेत जे शब्द आहेत तेही बहुतेक तक्रारीचेच. पाल्हाळ, फापटपसारा, चऱ्हाट, नमनालाच घडाभर तेल हे शब्दप्रयोग लांबलेल्या लेखाला बोल लावतात. त्रोटक, तुटपुंजा, जुजबी हे आखूड लेखाला. ‘आटोपशीर’ हा एक शब्द काय तो प्रशंसेचा, आणि त्यातही आटोपण्याची घाई ऐकू येतेच. लांबी योग्य असते तेव्हा ती कोणाच्या लक्षात येत नाही. साहजिकच तिच्याविषयी बोलावे असेही कोणाला वाटत नाही. तथापि लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर पहिले वाक्य उतरण्यापूर्वीच हा निर्णय कळत-नकळत झालेला असतो. कोणते उदाहरण घ्यावयाचे, कोणता आक्षेप विचारात घ्यावयाचा आणि कोणता सोडून द्यावयाचा, वाचकाला काय ठाऊक आहे असे गृहीत धरावयाचे, हे सारे त्या एका निर्णयाच्या अधीन असते.

साहित्यशास्त्राने हा प्रश्न अगदीच टाळला आहे असे नव्हे. शोकात्मिकेच्या कथानकाचा विचार करताना ॲरिस्टॉटलने आकारमानाचा मुद्दा घेतला. अतिसूक्ष्म प्राणी सुंदर ठरत नाही, कारण तो नजरेला नीट उमगत नाही. हजारो मैल लांबीचा प्राणीही सुंदर ठरत नाही, कारण त्याची एकसंधता पाहणाऱ्याच्या दृष्टीतून निसटते. म्हणून कथानकाची लांबी स्मरणात एकत्र राहू शकेल इतकी असावी, हा त्याचा निष्कर्ष. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त महाकाव्याचे लक्षण सांगताना सर्ग आठांहून अधिक असावेत असे म्हटले, एकेका सर्गाविषयी मात्र तो फार लहान नसावा आणि फार मोठाही नसावा, एवढे सांगून तो थांबला. सर्गांची संख्या त्याला सांगता आली, सर्गाची लांबी केवळ नकारानेच सांगता आली. एडगर ॲलन पो याने आपल्या ‘द रेव्हन’ या कवितेच्या रचनेविषयी १८४६ मध्ये जो निबंध लिहिला, त्यात त्याने हा निर्णय सर्वांआधी घेतल्याचे सांगितले आहे. कविता एका बैठकीत वाचून व्हावी, बैठक मोडली की परिणामाची एकता मोडते. म्हणून त्याने सुमारे शंभर ओळी ठरवल्या. प्रत्यक्षात त्या १०८ झाल्या.

या तिन्ही विचारांमागे एक समान गृहीतक आहे. कलाकृती ही एकदा घडून पूर्ण होणारी वस्तू आहे आणि तिची लांबी त्या वस्तूच्या अंगभूत प्रमाणबद्धतेतून ठरते, असे ते गृहीतक. मराठी समीक्षेत मर्ढेकरांच्या लयविचारानंतर हेच गृहीतक सेंद्रिय एकात्मतेच्या परिभाषेत रुळले. भावकविता किंवा कथा यांच्याबाबत त्याचा उपयोग निर्विवाद आहे. निबंधाच्या बाबतीत मात्र ते अपुरे पडते. निबंध हा विचार करण्याचा व्यापार आहे, आणि विचार स्वभावतः पूर्ण होत नाही; तो कोठेतरी थांबवावा लागतो. आधुनिक निबंधाचा जनक मानला जाणारा मोंतेन्य हाच याचा पहिला साक्षीदार. १५८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधसंग्रहात काही प्रकरणे पान-दोन पानांची आहेत, आणि त्याच संग्रहात रेमों सबोंच्या समर्थनाचे प्रकरण स्वतंत्र पुस्तकाएवढे आहे. १५८८ मध्ये त्याने तिसरा भाग जोडला तेव्हा प्रकरणे जाणीवपूर्वक लांब केली. वारंवार खंड पडला की वाचकाचे अवधान जागे होण्याआधीच विखुरते, आणि ज्याला तासभरही द्यावयाचा नाही त्याच्यासाठी लिहावयाचेच कशाला, असे त्याचे म्हणणे होते. तरीही त्याला शेवट सापडला नाहीच. छापील प्रतीच्या समासात तो १५९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत भर घालत राहिला. त्याच्या निबंधाची लांबी त्याच्या पुढच्या आवृत्तीपर्यंतची होती.

मोंतेन्यचे हे समासलेखन निबंधाच्या लांबीविषयी एक वेगळीच दिशा सुचवते. लेख किती लांब व्हावा हे केवळ त्याच्या आतील रचनेवर ठरत नाही. त्याच्यानंतर काय येणार आहे, पुन्हा बोलावयास मिळेल की नाही, यावरही ते ठरते. मराठी गद्याचा इतिहास या दृष्टीने पाहिला तर अनेक परिचित गोष्टींना निराळा अर्थ येतो.

छापखान्यापूर्वी लांबीचा न्यायनिवाडा समोर बसलेला श्रोता करीत असे. गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांचे निरूपण उभे राहते तेव्हा विस्ताराचा प्रश्न निवेदकाला पडणे अपरिहार्य होते. ज्ञानेश्वरीत विषयांतराबद्दल श्रोत्यांची क्षमा मागितलेली, त्यांची अनुज्ञा घेतलेली आणि मूळ विषयाकडे परतलेली अशी अनेक स्थळे आहेत. ही केवळ नम्रतेची रूढी नव्हे. समोरच्या माणसाचे अवधान किती उरले आहे याचा तो वेळोवेळी घेतलेला अदमास आहे. दासबोधाची मांडणी त्याहून निश्चित स्वरूपाची आहे. वीस दशक, प्रत्येकी दहा समास, म्हणजे दोनशे समास. त्यांत मिळून ७७५१ ओव्या. सरासरीने एका समासाच्या वाट्याला सुमारे एकोणचाळीस ओव्या येतात. एका बैठकीत वाचून, समजावून, वर चार शब्द बोलून व्हावे इतका हा मजकूर आहे. समासांची संख्या आखलेली, समासाची लांबी मात्र विषयानुसार कमी-अधिक. एक समास संपला तरी बोलणे संपत नाही, उद्याचा समास आहेच, ही खात्री त्या आखणीतच आहे.

छापील नियतकालिकाने श्रोता दृष्टीआड केला आणि त्याच्या जागी अंक आणला. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले तेव्हा एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर अशी त्याची रचना होती. मराठी गद्याला आपल्या लांबीचा मेळ शेजारच्या भाषेशी घालावा लागत होता. नियतकालिकातील लांबीचा खरा मराठी प्रयोग मात्र झाला तो १८४८ मध्ये, भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात. ‘लोकहितवादी’ या नावाने गोपाळ हरि देशमुख यांनी तेथे १८५० पर्यंत पत्रे लिहिली. दोन-चार पानांत आटोपणारी ही पत्रे. एका पत्रात एक विषय, एक राग, एक उपदेश. आज ती सलग वाचणाऱ्या विद्यार्थ्याला पुनरुक्ती जाणवते, आणि परीक्षेच्या उत्तरात तो तिची दोष म्हणून नोंद करतो. परंतु पुनरुक्ती हा साप्ताहिकाच्या लांबीचाच एक धर्म आहे. जो दर आठवड्याला बोलू शकतो त्याला एका पत्रात सर्व सांगण्याची गरज नसते. या वेळी निसटलेला मुद्दा पुढच्या वेळी पुन्हा मांडता येतो, आणि मागचा अंक न वाचलेल्यासाठी तो मांडावाही लागतो. या लेखनाला ‘शतपत्रे’ असे नाव रूढ झाले, पत्रे मात्र १०८ आहेत. शतक पूर्ण झाले तरी सांगावयाचे उरलेच होते.

१८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा लांबीचे हे गणित पार बदलले. मालेचे ८४ अंक निघाले. तिचे संपादक तेच आणि तिचे लेखकही जवळजवळ तेच. कोणी शब्द मोजणार नव्हते, कोणी जागा अडवणार नव्हते. त्यामुळे मालेतील महत्त्वाचे निबंध एका अंकात मावले नाहीत आणि मावावेत असा आग्रहही त्यांनी धरला नाही. अंकाची पाने संपली की ‘पुढे चालू’ म्हणावे आणि महिन्याने तेथूनच वाक्य उचलावे, हा मासिकाने दिलेला अधिकार त्यांनी मनसोक्त वापरला. ज्या डॉक्टर जॉन्सनवर त्यांनी मालेत निबंध लिहिला, त्याची स्वतःची निबंधलेखनाची रीत नेमकी उलट होती. १७५० ते १७५२ या काळात दर मंगळवारी व शनिवारी त्याचा ‘रॅम्बलर’ निघत असे, २०८ अंक निघाले, आणि प्रत्येक अंक हा स्वतंत्र, पुरा निबंध असे. आठवड्यातून दोनदा येणाऱ्याने आखूड असावे आणि महिन्याने येणाऱ्याने ऐसपैस, यात नवल नाही. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा घातली, पुढे दीर्घकथा आणि प्रदीर्घ लेख यांनी याच वार्षिक अंकांचा आश्रय घेतला, हेही त्याच न्यायाने. दोन अंकांमधील अंतर वाढले की लेखाची लांबीही वाढते.

येथपर्यंत हा हिशेब सरळ दिसतो. परंतु त्याने एक गोष्ट झाकली जाते. लोकहितवादी आखूड लिहितात आणि विष्णुशास्त्री लांब लिहितात, तरी दोघांपाशीही पुढचा अंक आहे. एकाला तो मित्राच्या साप्ताहिकाने दिला, दुसऱ्याने तो स्वतः काढला. दोघांच्याही लांबीत त्यामुळे एक स्वस्थता आहे. विष्णुशास्त्री एखाद्या उपमेवर रेंगाळतात, कंसात आणखी एक कंस उघडतात, प्रतिपक्षाची टर उडवताना दोन पाने खर्ची घालतात. ही मोकळीक वाचकाने आणि काळाने आपल्याला दिली आहे असा विश्वास त्यामागे आहे. ज्याच्यापाशी पुढचा अंक नाही त्याने किती लांब लिहावे?

या प्रश्नाचे उत्तर मराठीत १८८२ मध्ये दिले गेले. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ त्या वर्षी पुण्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे, पाने सुमारे पन्नास. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीला दूषणे दिली. या पुस्तिकेचे तात्कालिक कारण ते. वृत्तपत्रे रोज किंवा दर आठवड्याला बोलत होती. बुलढाण्याच्या या लेखिकेला उत्तर द्यावयाचे होते, आणि हाताशी नियतकालिक नव्हते. त्यामुळे पुस्तिकेत जे घडले ते निबंधाच्या कोणत्याही सुबक व्याख्येत बसत नाही. प्रकरणे नाहीत, विसाव्याच्या जागा नाहीत. विधवांची स्थिती, शास्त्रांतील व पुराणांतील दाखले, नाटके व कादंबऱ्या यांतील स्त्रीचित्रण, पुरुषांचे दुर्गुण, सुधारकांचे पोकळ बोलणे, सारे एका दमात, एकमेकांना ढकलत येते. उपरोधातून संतापात, संतापातून बोलीतल्या म्हणीत, तेथून पुन्हा युक्तिवादात अशी त्या गद्याची धाव आहे.

शैलीशास्त्राच्या नेहमीच्या मापाने पाहणारा या लेखनाला विस्कळीत म्हणेल. परंतु ‘पुढे चालू’ हे शब्द ज्या लेखनाला उपलब्ध नाहीत त्याची लांबी निराळ्या नियमाने मोजावी लागते. आज सांगितले नाही तर पुन्हा सांगता येणार नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला विषयाची निवड करण्याची चैन परवडत नाही. संयम, निवड, एकाग्रता हे गुण खरेच. पण ज्याला पुन्हा बोलण्याची संधी आहे त्यालाच ते सहज साधतात. घडलेही तसेच. ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या अंकात त्यांची बाजू मांडली ती जोतीराव फुले यांनी. पुढे हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणले. त्या पन्नास पानांना पुढचा अंक मिळावयास नव्वदांहून अधिक वर्षे लागली.

यावर एक आक्षेप संभवतो. पुढच्या अंकाच्या खात्रीमुळे लेख आखूड होतो असे मानले, तर सूत्रवाङ्मयाचे काय? सूत्र म्हणजे संक्षेपाची परिसीमा. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो अशी जुनी समजूत आहे. सूत्रकारापाशी कोणते नियतकालिक होते? याचे उत्तर सूत्राच्या पुढेच लिहून ठेवलेले आहे: वृत्ती, भाष्य, वार्तिक, टीका. सूत्रकार थोडक्यात बोलतो, कारण उरलेले बोलावयास शिष्य आहे, शिष्याचा शिष्य आहे, पाठांतराची आणि पाठशाळेची अखंड व्यवस्था आहे. ‘पुढे चालू’ हे शब्द त्याने स्वतः न उच्चारता परंपरेकडून वदवून घेतले. म्हणजे संक्षेप हाही एक विश्वासच आहे. आणि तो ठेवण्यासाठी ज्यावर ठेवावयाचा अशी परंपरा आधी असावी लागते. ज्या समूहाच्या लेखनावर भाष्य करणारा कोणी नव्हता त्या समूहाकडून सूत्रमयतेची अपेक्षा करणे हा समीक्षेचा अन्याय ठरतो.

विसाव्या शतकात मराठीने लांबी थेट वाङ्मयप्रकाराच्या नावातच घातली. १९२० नंतरच्या दशकात ना. सी. फडके ‘रत्नाकर’ मासिकातून ‘गुजगोष्टी’ लिहू लागले, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी त्याच सुमारास आपापल्या परीने हा प्रकार फुलवला आणि तो ‘लघुनिबंध’ म्हणून ओळखला जाऊ लागला. ‘लघु’ हे विशेषण येथे आकाराचे आहे, आणि आकाराबरोबर त्याने एक वाटही आखून दिली. आरंभी एखादी क्षुल्लक वस्तू किंवा प्रसंग, मग आठवणींची व कल्पनांची खेळकर लड, शेवटी गंभीर होत चाललेला सूर आणि हलकीशी कलाटणी. इतक्याच पानांत हे सर्व बसवावयाचे म्हटले की वळणे ठरावीक जागी येणारच. हा प्रकार पुढे साचेबंद झाला अशी जी टीका झाली तिचे कारण बहुधा लेखकांच्या प्रतिभेत शोधले जाते. लांबी आणि साचा यांच्या संबंधात ते क्वचितच शोधले गेले. इरावती कर्वे यांचे ‘परिपूर्ती’ (१९४९), दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६), विंदा करंदीकरांचे ‘स्पर्शाची पालवी’ (१९५८) यांनी हा साचा मोडला. त्याच काळात ‘लघुनिबंध’ हे नाव मागे पडत जाऊन ‘ललित निबंध’ रूढ झाले, ही घटना अर्थपूर्ण आहे. मापाची जागा गुणाने घेतली. निबंधाने किती लांब असावे हे सांगणारा शब्द गेला, आणि त्याने कसे असावे हे सांगणारा शब्द आला.

तरीही माप सुटत नाही. ते केवळ दुसऱ्याच्या हाती जाते. एका महाविद्यालयातील मराठीच्या प्राध्यापिकेचा अनुभव येथे नोंदवण्यासारखा आहे. त्यांचे गुरू दुपारी निवर्तले आणि एका दैनिकाने संध्याकाळपर्यंत चारशे शब्दांत श्रद्धांजलीपर लेख मागितला. गुरूंनी आयुष्यभर प्राचीन मराठी शिकवले, लिहिले मात्र फार थोडे. दोन तासांत पंधराशे शब्द झाले. मग गाळणे सुरू झाले. जन्मगाव, पदव्या, भूषवलेली पदे, समित्या यांनीच शंभर शब्द घेतले होते. ते आधी काढावेत तर बातमीच अपुरी राहते, ठेवावेत तर माणूस राहत नाही. अखेरीस त्यांनी पदांची यादी दोन ओळींवर आणली आणि एक गोष्ट राखली: एका ओवीतील एका क्रियापदावर गुरू अख्खा तास घेत, घंटा झाली की पुस्तक मिटत आणि दुसऱ्या दिवशी त्याच क्रियापदापासून आरंभ करीत. तो मजकूर त्यांनी शेवटच्या परिच्छेदात ठेवला. रात्री उशिरा जाहिरात आली, आणि दैनिकांच्या रिवाजाप्रमाणे लेख खालून कापला गेला. सकाळी छापून आला तो पदांच्या दोन ओळींचा माणूस.

मृत्युलेखाला ‘पुढे चालू’ नसते. तीच व्यक्ती दुसऱ्यांदा मरत नाही, आणि वृत्तपत्र दुसऱ्यांदा जागा देत नाही. वर्षभराने त्याच बाईंनी स्मृतिग्रंथासाठी वीस पानांचा लेख लिहिला. त्यात सर्व काही आले. गुरूंची पाठचिकित्सेची पद्धत आली, त्यांचे मतभेद आले, हस्तलिखितांच्या शोधात केलेले प्रवास आले. तो क्रियापदाचा तासही आला, परंतु वीस पानांत तो अनेक किश्श्यांपैकी एक किस्सा झाला. चारशे शब्दांच्या दाबाखाली त्याला जो अर्थ आला होता तो मोकळ्या जागेत टिकला नाही. म्हणजे अपुरी जागा केवळ हिरावून घेते असेही नाही. कशावाचून माणूस उभा राहत नाही हे तिच्यामुळेच कळले. प्रश्न इतकाच की त्या निवडीचा शेवटचा अधिकार निवड करणाऱ्यापाशी राहिला नाही.

विद्यापीठीय लेखनात हाच प्रश्न दोन विरुद्ध टोकांनी उभा राहतो. एका टोकाला प्रबंध. पाचशे पानांचा प्रबंध, त्यात लेखकाचे चरित्र, कालखंडाची पार्श्वभूमी, वाङ्मयप्रकाराचा इतिहास, पूर्वसूरींच्या व्याख्या. आणि संशोधकाचे स्वतःचे म्हणणे चौथ्या प्रकरणाच्या मध्यावर सुरू होऊन तेथेच संपते. मार्गदर्शक आणि परीक्षक त्याला पाल्हाळ म्हणतात, आणि ते खरेही आहे. परंतु त्या पाल्हाळामागे बहुधा आळस नसतो, धास्ती असते. पदवीनंतर लिहावयास मिळेल, कोणी छापेल, कोणी वाचेल याची शाश्वती नसलेला विद्यार्थी जे जे वाचले ते ते प्रबंधात ठेवून देतो. घराण्यात पहिल्यांदाच लेखणी हाती धरणाऱ्याच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. त्याचे प्रास्ताविक कापण्यापूर्वी मार्गदर्शकाने त्याला पुढचा अंक दाखवला पाहिजे. निदान त्यातील एक तुकडा स्वतंत्र लेख म्हणून कोठे जाऊ शकेल हे तरी सांगितले पाहिजे. अन्यथा ‘थोडक्यात लिहा’ हा उपदेश ‘एवढ्यावरच गप्प बसा’ असा ऐकू येतो.

दुसऱ्या टोकाला शोधनिबंध. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी प्रकाशनांना गुण दिले. ती गणना लेखांची संख्या आणि प्रकाशनाचा प्रकार यांनुसार होती. विचाराने किती वळणे घेतली याचे परिमाण तीत नव्हते, आणि असणे शक्यही नव्हते. त्यामुळे एका निबंधाचा ऐवज तीन निबंधांत वाटण्याचा मोह बळावला. नियमावली २०१८ मध्ये बदलली. लागलेली सवय इतक्या सहज बदलत नाही. येथे ‘पुढे चालू’ची विपुलता आहे, पण ती फसवी आहे. विष्णुशास्त्र्यांच्या वाचकाला पुढच्या महिन्यात तोच विचार पुढे सरकलेला दिसे. तीन ठिकाणी वाटलेल्या निबंधात तेच प्रास्ताविक तीनदा येते आणि विचार तिन्ही वेळा उंबरठ्यावरच थांबतो. आखूडपणाला संक्षेप म्हणता येत नाही तो येथे. संक्षेपात उरलेले वाचकावर सोपवलेले असते. या आखूडपणात सोपवण्यासारखे काही जमा होण्याआधीच लेख संपवलेला असतो.

छापील पानाची अडचण ज्याला उरली नाही अशा आजच्या लेखकाला वाटते की हा प्रश्न सुटला. पडद्यावर पान संपत नाही, फर्मा भरावा लागत नाही, जुळारी खिळे संपल्याचे सांगत नाही. पण बाहेरची मर्यादा गेली की निर्णय नाहीसा होत नाही. तो सर्वस्वी लिहिणाऱ्याच्या गळ्यात येऊन पडतो. मग एक तर वाचकाचे चंचल अवधान हीच मर्यादा मानून प्रत्येक विचाराचे चार ओळींत चूर्ण केले जाते, किंवा जागा फुकट आहे म्हणून सारे टिपण जसेच्या तसे ओतले जाते. दोन्ही ठिकाणी समोरच्या माणसाविषयीचा अंदाज चुकलेला असतो. पहिल्यात त्याच्यावर विश्वास नाही, दुसऱ्यात त्याच्या वेळेची किंमत नाही.

म्हणून शब्दसंख्या ठरवण्यापूर्वी निबंधकाराने विचारावयाचा प्रश्न ‘किती’ हा नाही. यातले काय पुढच्या वेळेवर सोडता येईल, काय वाचकाच्या स्मरणावर आणि काय मागून येणाऱ्या दुसऱ्या लेखकावर, हा आहे. जे यांपैकी कोणावरही सोडता येत नाही तेवढे त्या लेखात आलेच पाहिजे, मग त्याला चारशे शब्द लागोत की पन्नास पाने. जे सोडता येते ते ठेवले तर पाल्हाळ होतो. जे सोडता येत नाही ते सोडले तर लेख लहान दिसतो आणि प्रत्यक्षात अपुरा असतो. समीक्षकानेही एखाद्या लेखनाला लांबट किंवा त्रोटक म्हणण्यापूर्वी त्या लेखकापाशी पुढचा अंक होता की नाही, एवढी चौकशी करावी. ती चौकशी केल्यावरही काही लेखन पाल्हाळिकच ठरेल. परंतु काही पुस्तके, जी आजवर विस्कळीत म्हणून बाजूला राहिली, त्यांची लांबी नेमकी होती असे आढळून येण्याचा संभव आहे.